शिसवी झोपाळ्याची फळी: दुरुस्त करावी की कापून पेट्या कराव्यात?

मैत्रेयी_
राजापूरच्या आमच्या घरातला जुना झोपाळा या मे महिन्यात उतरवावा लागला. फळी एकसंध आहे, कुठेही जोड नाही. ५ फूट लांब, २० इंच रुंद, दीड इंच जाड. एका बाजूला कडीच्या भोकापासून टोकापर्यंत चीर गेलीय, आणि कडेला चार बोटं रुंदीचा पांढरट पट्टा आहे तो किड्याने पोखरलाय. बाकी लाकूड ठणठणीत.

घरात सगळे शिसवीची फळी म्हणतात. वरून इतक्या वर्षांचं पॉलिश आणि तेल बसलंय की मला नुसतं काळं दिसतं. मी गेली काही वर्षं पुण्यात हाताने सुतारकाम शिकतेय, मुख्यतः पेट्या आणि छोटे कप्पे, पण आजवर सगळं सागात आणि फणसात. प्रश्न असे: हे शिसवच आहे हे कसं ओळखायचं? बारीक कामाला ते कसं वागतं? आणि फळी दुरुस्त करावी की तिच्यातून पेट्या काढाव्यात? आईचं मत दुरुस्त कर, काकांचं मत विकून टाक. तुमचं काय?

अण्णा_चिपळूण
विकू नका. बाकी सगळं नंतर बोलू.

सह्यवासी
आधी वजन करा. तुमच्या मापाने ती फळी जवळपास १ घनफूट भरते, त्यामुळे हिशेब सोपा आहे. वाळलेलं शिसव घनफुटाला २३-२४ किलो भरतं, साग १८-१९ किलो. मधे २१-२२ भरलं तर उत्तरेतला शिसू असण्याची शक्यता धरा, पण राजापुरात जुन्या घरात तो येण्याचं कारण दिसत नाही. शिसू हिमालयाच्या पायथ्याचा, नदीकाठच्या गाळाचा. आपलं शिसव सह्याद्रीच्या आणि दख्खनच्या पानझडी जंगलातलं. दोन्ही डालबर्जिया वंशातलीच, पण झाडं वेगळी. शिसवाची पानं रुंद आणि टोकाला बोथट, शिसूची टोकदार.

मग फळीच्या खालच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, नखाएवढी जागा खरवडा. शिसवाचा ताजा गाभा जांभळट तपकिरी दिसतो, त्यात काळपट रेषा असतात. हवेने आणि उजेडाने तो जांभळेपणा हळूहळू तपकिरीत जातो, म्हणून जुनं काम बघून रंग ठरवू नये. खरवडताना किंचित गोडसर वास येईल.

तो पोखरलेला पांढरट पट्टा म्हणजे सालीलगतचं लाकूड. त्यात पिठूळ अंश असतो, किडा तिथेच लागतो. गाभ्याला वाळवी सहसा हात लावत नाही. पट्टा आहे याचा अर्थ ही फळी खोडाच्या कडेपर्यंत चिरलेली आहे. टोकाचा फोटो टाका, वर्तुळं कशी गेलीत ते बघू.

पक्या_७
शिसवी लाकूड पाण्यात बुडतं असं आजोबा सांगायचे. बादलीत टाकून बघा, निकाल लगेच!

सह्यवासी
@पक्या_७ ओला, नुकता तोडलेला ओंडका बुडू शकतो. वाळलेलं शिसव तरंगतं, त्याची घनता पाण्याच्या साधारण ८३ टक्के आहे. आणि ५ फुटी फळीला बादली कुठली आणणार? शिवाय जुन्या फळीला पाण्यात घालूच नका.

त्यापेक्षा खरवडलेला भुगा काचेच्या वाटीत स्पिरिटमध्ये टाका. शिसव असेल तर स्पिरिट जांभळं होतं.

वैदर्भी
शिसवीचं कौतुक चालू द्या, पण बारीक कामाला सागासारखं समजूतदार लाकूड नाही हे माझं ठाम मत. मी चंद्रपूरची आहे, बल्लारपूरच्या डेपोतला आलापल्लीचा साग बघत मोठी झाले. अयोध्येच्या मंदिराचे दरवाजे त्याच जंगलातल्या सागाचे. साग रंध्याखाली सरळ जातो, पावसाळ्यात फार हलत नाही, अंगचं तेल असल्याने टिकतो. शिसव म्हणजे जड, कडक, उलट्या रेषांचं, वर महाग. दिसायला सुंदर हे मान्य.

लाकूडतोड्या
वैदर्भी, सागाबद्दल तुमच्याशी भांडण नाही. पण सागात सूक्ष्म वाळू असते, ती पटाशीची धार खाते. शिसवाच्या छिद्रांत कधी कधी खडूसारखे पांढरे कण असतात, तेही धार मारतात. म्हणजे धारेच्या दगडापाशी दोघांसाठी सारखंच बसावं लागतं.

हलण्याचं म्हणाल तर आकडे बघा. ओल्यापासून पूर्ण वाळेपर्यंत शिसव वर्तुळाच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आखडतं, गाभ्याकडून सालीच्या दिशेने २.७ टक्के. साग ५.३ आणि २.६. फरक नगण्य आहे. शिसव हलतं अशी जी तक्रार असते ती बहुधा कच्चं, न मुरलेलं लाकूड वापरल्याची असते. मैत्रेयीच्या फळीने कोकणातले किती पावसाळे पचवलेत!

खरा फरक कडकपणात. साग दाबून बघायच्या कसोटीत साधारण १०७० पौंड घेतो, शिसव २४४० च्या आसपास. दुपटीहून जास्त. म्हणून शिसवात कुसू (जोडात घुसणारी जीभ) बारीक काढता येतो, धार तीक्ष्ण राहते, कोपरा चेमटत नाही. पेटीचे कबुतरशेपटी जोड सागात करताना पटाशीखाली तंतू दबतात, शिसवात ते स्वच्छ कापले जातात. वेळ दुप्पट लागतो, पण कापलेली जागा जशीच्या तशी राहते.

मैत्रेयी, आता तुमच्यासाठी कामाचं. शिसवाच्या रेषा एका थरात एकीकडे, पुढच्या थरात दुसरीकडे झुकलेल्या असतात. रंधा एका पट्ट्यात रेशमी चालेल, शेजारच्याच पट्ट्यात टवका उडवेल. दिशा बदलून उपयोग नाही, कारण मग पहिला पट्टा उचकतो. पातं ताजं धारेचं, काप केसाएवढा, रंध्याचं तोंड अगदी अरुंद. तरीही उचकत असेल तर रंधा ठेवून द्या आणि पोलादी पत्र्याने खरवडा. जुने सुतार फुटक्या काचेची धार फिरवायचे, तीही चालते. पॉलिश पेपर शेवटी आणि कमीत कमी.

मैत्रेयी_
वजन केलं! २५ किलो. पॉलिशचे थर आणि भोकातले पितळी बुश धरून. खालून खरवडलं तर आत चक्क वांग्याचा रंग. स्पिरिटची वाटी पाच मिनिटांत जांभळी झाली. आई म्हणाली, हे सगळं करायची गरज नव्हती, मी सांगतच होते.

टोकाचा फोटो वर टाकलाय. वर्तुळं मधल्या भागात जवळजवळ आडवी आहेत, कडेला उभी होत जातात.

सह्यवासी
अभिनंदन. आईंना नमस्कार सांगा.

फोटोवरून: मधला भाग जास्त हलणारा, कडेचे भाग स्थिर. चीर मधल्या भागात भोकापाशी सुरू झाली यात नवल नाही. ओझं भोकावर आणि लाकडाची ओढही तिथेच.

धा_तिरकिट
तबल्याच्या लोकांनी इथे बोललं पाहिजे. दायाँचं, म्हणजे उजव्या हाताच्या तबल्याचं, खोड शिसवाचं, खैराचं, बिबल्याचं असतं, काही ठिकाणी कडुनिंबाचंही. माझं शिसवाचं आहे, उचलताना हात भरून येतो. जड खोडामुळे तबला जागचा हलत नाही आणि 'ना' कसा सुटसुटीत निघतो. हलक्या खोडाचा आवाज मला पसरट वाटतो. आता यात पुडीचा आणि शाईचा वाटा कितीतरी मोठा, हेही खरं. फळीला बोटाच्या पेराने टकोरा मारून बघा, शिसव लगेच बोलतं.

मिरजेत मात्र सतारीला आणि तंबोऱ्याला तून वापरतात. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यांना हलकं, लवकर थरथरणारं लाकूड हवं, आम्हाला जड.

केदार_पोर्टलंड
धा_तिरकिट म्हणतात त्याचीच दुसरी बाजू. मी इथे हौसेने गिटार बनवतो. गिटारच्या पाठीला आणि कुशीला जगभर जे 'इंडियन रोझवुड' लावतात ते हेच आपलं शिसव. आधी ब्राझीलचं डालबर्जिया नायग्रा वापरायचे. ते दुर्मीळ होत गेलं आणि १९६९ च्या सुमारास मार्टिन कंपनी भारतीय शिसवाकडे वळली. ब्राझीलच्या झाडाच्या व्यापारावर १९९२ पासून साइट्स कराराने (संकटातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) बंदीच आहे. पाठीला हे लाकूड का, तर ते थरथर गिळत नाही, परत देतं. जेमतेम अडीच मिलिमीटरची पाठ असते आणि टकोरा मारला की कितीतरी वेळ घुमते.

मैत्रेयी, तुमची दीड इंची फळी बघून माझा जीव अडकलाय. कापायची वेळ आलीच तर जाड तुकडे पाडू नका. बारीक दातांच्या बँडसॉवर दीड इंचातून ४-५ मिलिमीटरच्या सहा चकत्या सहज निघतील. एकामागोमाग एक निघालेल्या दोन चकत्या पुस्तकासारख्या उघडून शेजारी जोडल्या तर झाकणावर रेषांची जोडनक्षी मिळते. पेटीचा सांगाडा सागाचा करा, वर शिसव.

वैदर्भी
बघा, सांगाड्याला शेवटी सागच आठवला 🙂

डॉ_शर्वरी
सगळे कापा-खरवडा सांगताहेत म्हणून मधे पडते. मी त्वचारोगाची प्रॅक्टिस करते. शिसवाचा आणि त्याच्या भावंडांचा भुगा त्वचेला आणि श्वासनलिकेला ॲलर्जी आणू शकतो. यातली क्विनोन वर्गातली द्रव्यं त्याला कारण आहेत. पहिल्यांदा काही होत नाही, शरीर हळूहळू संवेदनशील होतं आणि मग थोड्या भुग्यानेही मनगटाला, मानेला, पापण्यांना खाज आणि पुरळ येतं. माझ्याकडे अशी सुतार मंडळी येतात आणि बहुतेकांना वाटतं ती घामोळी आहेत.

साधा रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क लावा. पूर्ण बाह्या घाला, काम झाल्यावर आधी हात-चेहरा धुवा, भुगा झाडू नका तर ओल्या फडक्याने टिपा. आणि घरात दम्याचं कुणी असेल तर हे काम घराबाहेर. तयार, पॉलिश केलेल्या वस्तूपासून त्रास क्वचित होतो, झोपाळ्यावर बसायला काहीच हरकत नाही.

सुगरण
मग शिसवी पोळपाट-लाटणं वापरावं की नाही? तुळशीबागेतून आणलेलं आहे, विकणारा शिसवीच म्हणाला होता.

सह्यवासी
@सुगरण बाजारात शिसवी म्हणून मिळणारं लाटणं बहुतेक वेळा शिसूचं असतं. रंग सोनेरी तपकिरी असेल तर नक्कीच तसं समजा. वाईट अजिबात नाही, लाटण्याला उत्तम लाकूड आहे. बिनधास्त वापरा, फक्त भिजत ठेवू नका.

पक्या_७
धा_तिरकिट यांनी बिबल्याचं नाव घेतलं म्हणून आठवलं. आमच्याकडे बिबल्याच्या लाकडाचा पेला होता. रात्री पाणी भरून ठेवायचं, सकाळी उन्हात धरलं की निळी झाक. आजोबा मधुमेहासाठी प्यायचे.

डॉ_शर्वरी
@पक्या_७ निळी झाक खरी आहे, त्या लाकडातल्या द्रव्यांमुळे पाणी उजेडात चमकतं. पण पेल्याच्या भरवशावर गोळ्या बंद करणारे रुग्ण मी पाहिलेत, म्हणून स्पष्ट सांगते: औषध चालूच ठेवायचं.

अण्णा_चिपळूण
आता मूळ प्रश्नाकडे येतो. मी सुतारकामातच आयुष्य काढलंय. मैत्रेयीताई, २० इंच रुंदीची एकसंध शिसवी फळी आज तुम्हाला कोणत्याही वखारीत मिळणार नाही. एवढं खोड व्हायला शंभर वर्षांच्या वर जातात. अशी फळी चकत्या करायला द्यायची हे मला पटत नाही. केदारभाऊंचं कौशल्य मोठं असेल, पण पेटीला अर्ध्या फुटाचा तुकडा पुरतो, तो मोडक्या खुर्चीच्या पायातूनही निघतो. रुंदी एकदा कापली की गेली.

चीर भरायची पद्धत सांगतो. चिरेत लांबी (पुट्टी) घालू नका, ती दोन पावसाळ्यांत सुटते. चीर स्वच्छ करा, तिच्या टोकाला बारीक भोक पाडून तिला थांबवा. मग फळीच्या खालच्या अंगाला चिरेला आडव्या दोन-तीन डमरूच्या आकाराच्या पाचरी अर्ध्या जाडीपर्यंत बसवा. पाचर शिसवाचीच, रेषा चिरेला काटकोनात. चिकटवण्याआधी दोन्ही अंगं थिनरने पुसा, कारण शिसवाच्या अंगच्या तेलकट अंशामुळे गोंद धरत नाही. पुसल्यावर लगेच चिकटवा, उद्यावर ठेवू नका.

लाकूडतोड्या
अण्णांच्या पद्धतीला मान, पण एक शंका. झोपाळा आहे, त्यावर दोन माणसं बसणार, झोका घेणार. चीर कडीच्या भोकातूनच गेलीय. पाचरींनी चीर वाढायची थांबेल, पण त्याच भोकावर पुन्हा ओझं टाकायची मला धास्ती वाटते. मी असतो तर त्या बाजूचे १४-१५ इंच कापून टाकले असते आणि नवीन भोकं आत घेतली असती. पावणेचार फुटांचा झोपाळा होईल, दोघांना पुरेसा. कापलेल्या तुकड्यात चीर सोडून चांगला भाग निघतोच, त्याच्या केदार म्हणतात तशा चकत्या करा. दोन-तीन पेट्या सहज होतील.

अण्णा_चिपळूण
ओझ्याचा मुद्दा बरोबर आहे. माणसं बसणार असतील तर तुम्ही म्हणता तेच करावं. रुंदी शाबूत राहतेय ना, मग माझी हरकत नाही. भोकाला मात्र वर-खाली पितळी चकती हवीच.

केदार_पोर्टलंड
मलाही मान्य. रुंदी राखा, लांबीतून तुकडा घ्या.

एक विचारायचं होतं. पुढच्या वर्षी भारतात येतोय, अशी छोटी पेटी किंवा एखादी फळी इकडे आणता येईल का?

सह्यवासी
@केदार ब्राझीलची ती जात आधीच पहिल्या परिशिष्टात होती, डालबर्जियाच्या बाकी सगळ्या जाती २ जानेवारी २०१७ पासून साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आल्या, म्हणजे व्यापाराला परवाना लागू लागला. २०१९ मध्ये नियम सैल झाला: तयार वाद्यांना आणि १० किलोपर्यंतच्या तयार वस्तूंच्या खेपेला त्या कराराचा परवाना लागत नाही. पेटी त्यात बसते. फळी हे कच्चं लाकूड, ती आणायचा विचार सोडा.

आणि हे केवळ कागदी कटकट आहे असं कुणी समजू नये. शिसव आज असुरक्षित जातींच्या यादीत आहे. २०२१ मध्ये वायनाडमधल्या मुट्टिलला शंभरावर शिसवाची झाडं बेकायदा तोडल्याचं प्रकरण गाजलं. मुंबईत १९व्या शतकात कोरीव शिसवी फर्निचर बनायचं, 'ब्लॅकवुड' नावाने विलायतेच्या दिवाणखान्यांत जायचं. म्हैसूरची जडावाची कलाही याच लाकडावर उभी राहिली. या सगळ्याला लागलेली झाडं मोठी आणि जुनी होती, तशी आता फारशी उरलेली नाहीत. म्हणून जुन्या घरातलं शिसव पुन्हा वापरणं मला सगळ्यात योग्य वाटतं.

मैत्रेयी_
सगळ्यांचे मनापासून आभार. लाकूडतोड्या यांचा तोडगा आईला वाचून दाखवला, तिला आवडला. झोपाळा पावणेचार फुटांचा होणार. काकांनाही पटलं, त्यांना झोपाळ्यावर जागा हवी आहे.

तुकड्यातून पहिली पेटी करेन ती सागाच्या सांगाड्यावर, वैदर्भी खूश. कडेला पितळी पट्टी बसवायचा विचार आहे. पॉलिश काय करू? आजवर मी तेल लावत आलेय.

लाकूडतोड्या
शिसवाला तेल किंवा तेलाधारित पॉलियुरेथेन थेट लावू नका. त्याच्या अंगच्या द्रव्यांमुळे असे थर दिवसेंदिवस चिकट राहतात. चपडा, म्हणजे लाखेच्या पापड्या, सगळ्यात चांगला: लिटरभर स्पिरिटला दीड-दोनशे ग्रॅम, रात्रभर विरघळू द्यायचा, गाळून घ्यायचा. कापसाची पुरचुंडी करून पातळ हात द्या. छिद्रं मोठी आहेत, आरशासारखं हवं असेल तर पहिल्या दोन-तीन हातांनंतर शिसवाचाच बारीक भुगा चपड्यात कालवून भरा.

वाटीत जो जांभळा रंग बघितलात तो पॉलिश करतानाही सुटतो. पितळेला काही होणार नाही, पण शेजारी सागाची उघडी कड असेल तर ती जांभळी डागाळेल. सागावर आधी स्वतंत्र ब्रशने चपड्याचे दोन हात देऊन वाळू द्या, मगच शिसवाकडे वळा. आणि पुरचुंडी नेहमी सागाकडून शिसवाकडे न्या, उलट कधीच नाही.

वैदर्भी
वा, हे माहीत नव्हतं. सागाची एवढी काळजी घेणाऱ्या माणसाशी आता वाद नाही.

पक्या_७
राजापूरला परसात जागा आहे का मैत्रेयी? शिसवाचं रोप लावा एखादं.

मैत्रेयी_
@पक्या_७ जागा आहे. जांभ्याची, उताराची. येईल का तिथे? रोप कुठे मिळेल?

सह्यवासी
येईल. पाणी साचत नसलेला उतार त्याला चांगलाच. वनखात्याच्या रोपवाटिकेत पावसाळ्याच्या तोंडाला विचारा, आणि पानं बघून घ्या, शिसू पदरात पडायला नको. शेंगवर्गातलं झाड आहे, मुळांवर नत्राच्या गाठी धरतं, त्यामुळे जमिनीला भारच नाही. कुर्गात कॉफीच्या मळ्यांत सावलीला ठेवतात ते यासाठीही. मुळांतून फुटवे येतात, ते खणून दुसरीकडे लावता येतात. पहिली दोन-तीन वर्षं गुरांपासून कुंपण घाला, उन्हाळ्यात आठवड्याला एक कळशी पाणी. वाढ सावकाश आहे, घाई करू नका.

अण्णा_चिपळूण
आमच्या परसात शिसवाचे फुटवे आहेत. जुलैत चिपळूणवरून जाणार असाल तर कळवा, दोन काढून ठेवतो. मुळाशी मातीचा गोळा राहू दे म्हणून गोणपाट घेऊन या.